सौंदत्ती ते मंगसुळी: देवांच्या तोंडांमागे तीन दिवस

भरत हुण्णिमेच्या दिवशी सौंदत्तीला जाऊ नका. माघातल्या त्या पुनवेला यल्लम्माच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते, आणि जे बघायला आलात ते दुसऱ्यांच्या डोक्यांमागे राहतं. दोन-तीन दिवस आधी जा. मंगळवार-शुक्रवारही टाळा. आम्ही पुनवेआधीच्या बुधवारी गेलो. आम्ही म्हणजे मी आणि बेळगावातल्या शहापूरची मावशी. मला मुखवटे बघायचे होते. मावशीला घरचे टाक, म्हणजे देवघरातले देवांचे चांदीचे पत्रे, मंगसुळीच्या खंडोबाला भेटवून आणायचे होते. ते तिनं स्टीलच्या डब्यात खणात गुंडाळून घेतले होते, आणि तीन दिवस तो डबा तिनं माझ्या हातात दिला नाही.

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून सौंदत्ती 80 किलोमीटरच्या आसपास. पाट्या कानडीत असतात, त्यामुळं 'यल्लम्मनगुड्ड?' एवढं विचारलं की माणसं बोट दाखवतात. जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. त्यासाठी कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या मावश्यांनी सुटे पैसे ठेवावेत. बसायला जागा हवी असेल तर पहाटेची गाडी पकडा. आम्ही आठची पकडली आणि बैलहोंगलपर्यंत उभे होतो.

रीतीनं जायचं तर आधी जोगुळभावीच्या कुंडावर आंघोळ, तिथल्या सत्यम्मादेवीचं दर्शन, मग डोंगर. आम्ही हातपाय धुतले आणि वर गेलो. आताचं देऊळ 1514 मध्ये रायबागच्या बोमप्पा नायकानं बांधलं असं सांगतात. गाभाऱ्यात देवीचा मुखवटा दिसतो तो दोन-चार सेकंद. मोठे डोळे, कपाळभर कुंकू, तेवढ्यात मागचा ढकलतो. तिथं फोटो काढता येत नाही आणि काढूही नये. मुखवटा नीट बघायचा तर बाहेर आवारात या.

बाहेर जग असतात. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: जग म्हणजे रुंद टोपली किंवा घागर, तिच्यावर यल्लम्माचा पितळी मुखवटा, त्याला लुगडं नेसवलेलं, कवड्यांच्या माळा, मागे मोरपिसं. देवीला सोडलेली जोगतीण किंवा जोगता तो डोक्यावर घेऊन चालतो, चौंडकं हे तंतुवाद्य वाजू लागलं की हात न लावता नाचतो. चिंचेनं घासघासून मुखवट्याचं नाक पुसट झालेलं असतं, डोळे मात्र ठळक. एका झाडाखाली असा एक जग ठेवलेला दिसला आणि मी मोबाइल काढला. जग जिचा होता ती जोगतीण भाकरी खात बसली होती. उठलीसुद्धा नाही.

'बाळ, आदी इचारायचं असतंय. आईचं तोंड हाय ते.'

मी मोबाइल खिशात घातला. मावशीनं पुढं होऊन जोगतिणीच्या परडीत तेल-पीठ घातलं, 'आई, पोरगं आहे, चुकलं' म्हणाली, आणि मग पाऊण तास आम्ही तिथंच बसलो. शेवटी जोगतिणीनंच जगाचं लुगडं सारखं केलं आणि 'आता काड' म्हणाली. पहिला सल्ला हाच: आधी बसा, जोगवा घाला, 'आई' म्हणा. जोगत्यालाही आईच म्हणतात, त्यात अडखळू नका.

तिच्याकडून कळलं ते असं. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला जमदग्नी मारला जातो, यल्लम्मा विधवा होते, बांगड्या फुटतात. भरत हुण्णिमेला ती पुन्हा सवाष्ण होते, चुडा भरते. मधले दोन महिने या जोगतिणीनं आपल्या जगालाही हिरव्या बांगड्या घातल्या नव्हत्या. नव्या बांगड्या कागदात बांधून शेजारीच ठेवल्या होत्या, पुनवेसाठी.

हे बघताना डोळे दिपतात, पण परडी आणि जग कुणाच्या डोक्यावर आले हेही ठाऊक असू द्या. नवसापोटी, जट आली म्हणून, गरिबीपोटी पोरी देवीला सोडल्या गेल्या. मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध 1934 साली कायदा झाला, कर्नाटकचा 1982 चा. आज डोंगरावर दिसणाऱ्या म्हाताऱ्या जोगतिणींपैकी कितीजणींनी तो जग आपणहून उचलला असेल? मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

मुखवटा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं माणसाच्या तोंडावर चढवलेलं सोंग येतं. दशावतारातला लाकडी तोंडाचा गणपती, पुरुलियाचा छाऊ (मयूरभंजचा छाऊ मात्र मुखवट्याशिवाय नाचतात), मंगळूर-उडुपीकडच्या तुळुनाडूत भूताच्या कोलात, म्हणजे दैवतांच्या नाचात, वापरतात ते काशाचे मुखवटे. श्रीलंकेत आजार घालवायला अठरा सन्नी राक्षसांचे अठरा मुखवटे आहेत, एकेका दुखण्याचं एकेक तोंड. मालीतले डोगोन लोक मेलेल्यांचे आत्मे गावाबाहेर पोचवायला मुखवटे घालून नाचतात. या सगळ्यांत माणूस स्वतःचं तोंड झाकतो आणि काही वेळ दुसरा कुणी होतो. आमच्या भागात माणसाचं तोंड उघडंच राहतं. मुखवटा घालतो तो देव. आतला देव म्हणजे बहुतेक ठिकाणी शेंदूर माखलेला तांदळा (न घडवलेला दगड) नाहीतर लिंग, जागचा न हलणारा. त्याला माळावर, नदीवर, दुसऱ्या देवाच्या भेटीला जायचं असेल तर तोंड सुटं करून द्यावं लागतं. कोकणात शिमग्याला पालखीत 'रुपं लावतात' तेही हेच. कानडीत मुखवट्याला मुखवाड म्हणतात. शब्दही शेजारी-शेजारी राहतात.

सौंदत्तीत मुक्कामाला साध्या खोल्या मिळतात. भंडाऱ्याचा पिवळा रंग पांढऱ्या कपड्यांवरून जात नाही, माझा शर्ट आता घरात फरशी पुसायला आहे. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. माझ्या चार्जिंगच्या भोकात अजून हळद आहे.

दुसऱ्या दिवशी यरगट्टीवरून गोकाक. गोकाकची लाकडी खेळणी प्रसिद्ध, जिनगर मंडळींच्या हातची. हलक्या लाकडाचे आंबे, केळी, कारली आणि देवादिकांच्या मूर्तीही. मुखवटे मिळतील या आशेनं गेलो होतो, ते काही मिळाले नाहीत. खेळणी घ्या, करदंट ही इथली मिठाई घ्या, पाणी असेल तर धबधबा बघा. माघात नुसता खडक दिसतो.

गोकाकहून रायबाग, कुडची करत मंगसुळी. या टप्प्यात आमची मोठी चूक झाली. वाटेवरच्या चिंचलीच्या मायाक्काची जत्राही याच पुनवेच्या सुमाराला भरते आणि महाराष्ट्रातून बैलगाड्या येतात. आमची बस दोन तास गाड्यांच्या मागे रांगत होती. घाई असेल तर मिरज-बेळगाव रेल्वे धरा आणि उगारला उतरा, तिथून मंगसुळी जवळ. घाई नसेल तर त्या बैलगाड्या बघण्यासारख्या आहेत. एका गाडीत पुढं देवीचा मुखवटा बांधला होता, समोर उदबत्ती, आणि मागे अख्खं घर झोपलेलं.

हाताशी आणखी दिवस असेल तर कृष्णाकाठच्या यडूरला वीरभद्र आहे. तिथल्या परंपरेतल्या पुरवंतांकडे, म्हणजे देवाच्या सेवेकऱ्यांकडे, वीरभद्राचे पितळी पत्रे असतात. मिशाळ चेहरा, बाजूला बोकडाच्या डोक्याचा दक्ष. तो पत्रा छातीवर किंवा कमरेला बांधायचा, म्हणजे देवाचं तोंड माणसाच्या अंगावर, पण माणसाच्या तोंडावर नाही. आणि बेळगाव-खानापूरच्या एखाद्या खेड्यात महालक्ष्मीची यात्रा लागली असेल तर सगळं सोडून तिकडं जा. ती दरवर्षी नसते. कुठं पाच वर्षांनी, कुठं त्याहून किती तरी जास्त वर्षांनी. डोगोनांचा सिगी सोहळा साठ वर्षांनी येतो म्हणून आपण थक्क होतो, पण आपल्याच शिवेवर आजीनं एकदा आणि नातीनं एकदा पाहिलेल्या यात्रा आहेत. तिथं नुसतं तोंड नसतं, अख्खी लाकडी देवी रंगून बाहेर पडते. आधी कित्येक आठवडे वार पाळतात, मग लग्न, अक्षता, होन्नाट म्हणजे भंडारा उधळत देवी नाचवणं, गदगेवर (चौथऱ्यावर) बसणं, ओटी, आणि शेवटी शिवेवर रवानगी. तारीख स्थानिक मराठी पेपरात येते, किंवा त्या गावचा पाहुणा शोधा. पाहुणा असला की जेवणही सुटतं.

मंगसुळीला गर्दी नव्हती. मावशीनं डबा उघडला, खण सोडला. टाक म्हणजे तळहाताहून लहान चांदीचे पत्रे, त्यावर उठावाचे देव. आमच्याकडे खंडोबा (कानडी लोकांचा मल्लय्या), म्हाळसा आणि यल्लम्मा, शिवाय एक झिजलेला, तो कुणाचा यावर घरात दोन पक्ष आहेत. पुजाऱ्यानं ते आत नेले, देवाला लावले, भंडारा टाकून परत दिले. दोन मिनिटांचं काम. मावशी बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, 'झाली भेट. बारा वर्सं झाली होती गा.' मी विचारलं, आतल्या देवाला टाक कसे ओळखू येतात? तिनं माझ्याकडे असं बघितलं की पुढं विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये तिनं डबा मांडीवर खिडकीच्या बाजूला धरला. आधार कार्ड दाखवून शून्य रुपयाचं तिकीट घेतलं. कंडक्टरनं डब्याकडे बोट केलं, काय आहे विचारलं.

'देव आहेत.'

'कोण कोण?'

मावशीनं नावं सांगितली. तो तिकिटाच्या मशीनवर बोट ठेवून क्षणभर थांबला.

'यल्लम्माला फ्री. म्हाळसाबाईला फ्री. मल्लय्याचं तिकीट घ्या की हो अक्का.'