सलाहुद्दीनचे स्वार आणि आमच्या चाचांचं मशरू

चार महिन्यांपासून सलाहुद्दीनचे, म्हणजे क्रुसेडरांशी लढलेल्या सुलतानाचे, घोडेस्वार रंगवायलोय. २८ मिलिमीटर मापाचे बारा छोटे पुतळे, त्याच्या अन् क्रुसेडरांच्या ११८७ च्या हित्तीनच्या लढाईसाठी. पहिल्या झटक्यात सगळ्यांना तपकिरी अंगरखे आणि हातात हिरवे झेंडे दिले होते, कारण डोक्यात तेच बसलेलं की मुसलमान फौज म्हणजे हिरवं. मग वाचायला बसलो, आणि वाचून झाल्यावर बाराच्या बारा डेटॉलमध्ये भिजत घातले अन् जुन्या टूथब्रशने घासून कोरे केले.

झेंड्यांचंच बघा. बगदादच्या अब्बासी खलिफांचा रंग काळा, इजिप्तच्या फातिमींचा पांढरा. हिरवा लै जुना आहे पण त्याची गोष्ट वेगळी, ८१७ साली खलिफा मामूनने हजरत अलींच्या वंशातल्या अली रझांना वारस नेमलं तेव्हा दरबाराला काळा सोडून हिरवा घालायला लावला आणि ८१९ ला परत काळ्यावर आला. म्हणजे कुठला रंग हातात आहे यावरून माणूस कुणाचा ते कळायचं. सलाहुद्दीनने ११७१ मध्ये फातिमी खिलाफत संपवली, कैरोत बगदादच्या खलिफाच्या नावाने खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, सुरू केला, म्हणून माझ्याकडं एक काळा झेंडा आहे आणि बाकी पिवळे, कारण त्याचा स्वतःचा रंग पिवळा.

कपड्यांसाठी सगळ्यात जास्त कामाला आली ती याह्या अल-वासितीने १२३७ मध्ये चितारलेली मकामात या अरबी गोष्टींच्या पुस्तकाची प्रत. ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, स्कॅन नेटवर बघता येतात. पन्नास वर्षं नंतरची आणि इराककडची, तेवढं लक्षात ठेवायचं, पण त्यातले ईदच्या मिरवणुकीचे स्वार झूम करून बघा, एकासारखा दुसरा नाही! गणवेश नावाची गोष्टच नाही. आणि दंडावर सोनेरी पट्टी, तिराझ म्हणतात तिला, अस्सल तिराझवर अक्षरं विणलेली किंवा भरतकामाची असायची. मी सोनेरी पट्टीवर डबल झिरो ब्रशने काळ्या बारीक रेघा ओढतो, हातभर अंतरावरून अक्षरंच वाटतात.

पण कापड चमकतं कसं, चुणी कुठं पडते, हे चित्रातून कळेना. मग संभाजीनगरातच एका हिमरू विणणाऱ्या चाचांकडं गेलो. त्यांनी मशरू दाखवलं. वरून रेशीम, आतून सुती, कारण पुरुषांनी अंगाला नुसतं रेशीम लावू नये असा दंडक, तर अंगाला सूत लागतं आणि लोकांना रेशीम दिसतं. चाचा म्हणाले, "हात फिरवून बघ बेटा, दोन्ही बाजूंनी." मी बघितलं आणि एकदम आठवलं, रेशमी ताणा अन् सुती बाणा असं मुल्हम नावाचं कापड अब्बासी काळातही होतं! ज्याच्याबद्दल महिनाभर नुसतं वाचत होतो तसलं कापड माझ्या बोटांखाली होतं, घरापासून पंधरा मिनिटांवर. खिडकीतल्या उजेडात धरलं तर उजेड चुणीच्या कडेवर बारीक धारेसारखा पडतो, मधल्या भागात रंग गडदच राहतो. तेव्हापासून मी अंगरख्यावर हायलाइट, म्हणजे उजेड दाखवणारा फिका रंग, पसरवत नाही, कडेला एक रेघ, बस.

रंग निवडताना आता रंगाऱ्याच्या डोक्याने विचार करतो. निळीचा निळा, मंजिष्ठेचा विटकरीकडं झुकणारा लाल, हे साध्या शिपायाला. किरमिजी किड्यांपासूनचा महागडा लाल फक्त अमीराला, म्हणजे सरदाराला. हिरवा करायचा तर कापड निळीत आणि पिवळ्यात दोनदा बुडवावं लागायचं, म्हणून तो जपून, आणि ट्यूबमधला पोपटी तर नाहीच. पांढरा फेटाही शुद्ध पांढरा नाही, आधी मळकट साय, मग वर पांढरा.

आठ झालेत. उरलेल्या चौघांतल्या एकाला चाचांनी दाखवलेल्या तुकड्यासारखे लाल-पिवळे पट्टे देणारे, आणि झाला की आधी त्यांनाच नेऊन दाखवणार.