बाई, फळा आणि पंचम जॉर्ज

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून दोन महिने मागे लागलेत सगळे, आणि लिहायला बसलो की मला एकच प्रसंग आठवतो, तो पण माझ्या फजितीचा. म्हटलं चला, तोच लिहू.

नववीत होतो, १९८८ साल. १५ ऑगस्टच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ठोकून दिलं की जन गण मन हे इंग्रज बादशहाच्या स्वागताला लिहिलेलं गाणं आहे आणि आपण रोज सकाळी उभं राहून गुलामीचं गाणं म्हणतो. हे ज्ञान कुठलं, तर गल्लीतल्या सलूनमधलं, कटिंगला नंबर लावून बसलेलो तेव्हा ऐकलेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पीटीचे सर लालेलाल, मला वाटलं आता छडी. पण मराठीच्या बाईंनी एवढंच विचारलं, "किती कडवी आहेत रे त्या गाण्याला?" मी म्हटलं, एक. "पाच आहेत. उद्या मधल्या सुट्टीत ये."

दुसऱ्या दिवशी डबा राहिला बाजूला, बाईंनी त्यांच्या वहीतून पाचही कडवी माझ्याकडून फळ्यावर लिहून घेतली, हात दुखला, खडू दोनदा तुटला. तिसऱ्या कडव्यापाशी थांबवलं. पतन-अभ्युदय-बंधुर पंथा म्हणजे चढउताराचा खडबडीत रस्ता, त्यावर युगानुयुगं चालणारे यात्री, आणि हे चिरसारथि, तुझ्या रथाच्या चाकांनी तो रस्ता दिवसरात्र दुमदुमतोय. "पंचम जॉर्जचा राज्याभिषेकच मुळी १९११ चा, तो युगानुयुगं रथ कधी हाकत होता रे?" मग चौथं कडवं, त्यात स्नेहमयी तुमि माता. "आणि तो दाढीवाला तुझी माता?" दारात गर्दी करून उभी असलेली पोरं फिस्सकन हसली. मी पण हट्टी, म्हटलं बाई, पाचव्यात राजेश्वर आहे की! बाई शांतपणे म्हणाल्या, "आहे ना. विठोबाला आपण पंढरीचा राणा म्हणतो, तो कुठल्या दरबारात बसतो?"

गप्प बसलो. पण खरं सांगायचं तर सलूनमधलं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे पुढे वाचल्यावर कळलं. १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात बादशहाने बंगालची फाळणी रद्द केली, त्यामुळे त्या महिनाअखेरीस कलकत्त्याला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात त्याचे आभार मानायचा ठराव होता. २७ तारखेला तिथे हे गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं, आणि त्याच दिवशी रामभुज चौधरींचं एक हिंदी गाणंही झालं, ते मात्र खरोखर बादशहाच्या स्तुतीचं. दुसऱ्या दिवशी इंग्रजांच्या पेपरांनी दोन्हीची खिचडी करून छापलं की टागोरांनी बादशहासाठी गाणं लिहिलं, झालं, तेव्हापासून हे चालूच आहे. टागोरांनी १९३७ ला पुलिनबिहारी सेनांना पत्रात लिहिलं की सरकारदरबारी वजन असलेल्या एका मित्राने बादशहावर गाणं मागितलं होतं, ते ऐकून आश्चर्य वाटलं आणि मनात खळबळ पण झाली, त्यातूनच हे भाग्यविधात्याचं गाणं आलं, आणि तो विधाता कुठलाही जॉर्ज असूच शकत नाही. माझं मत विचाराल तर हे त्यांनी जरा आधी बोलायला हवं होतं, २६ वर्षांत अफवेला नातवंडं होतात.

पुढे नोकरी बंगलोरला लागली तेव्हा एका रविवारी बसने मदनपल्लीला जाऊन आलो, आंध्रात. १९१९ च्या फेब्रुवारीत टागोर तिथल्या थिऑसॉफिकल कॉलेजात राहिले होते, गाण्याचं इंग्रजी भाषांतर त्यांनी तिथेच केलं आणि प्राचार्यांच्या बायकोने, मार्गारेट कझिन्सने, चालीचं नोटेशन लिहून काढलं. म्हणजे एक आयरिश बाई! बाईंना पत्राने कळवलं तर उत्तर आलं, "तिसरं कडवं अजून पाठ आहे का?"

आहे. कारण त्या मधल्या सुट्टीनंतरची सकाळची प्रार्थना मला लख्ख आठवते. तोपर्यंत 'एक साथ राष्ट्रगीत शुरू कर' म्हटलं की ५२ सेकंद हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी, आणि 'मराठा' शब्द आला की सगळ्यात जोरात ओरडायचं, एवढंच कळायचं. त्या दिवशी भाग्यविधाता म्हणताना समोर गेटाबाहेरचा आपला रस्ता दिसत होता, पावसाने पार वाट लागलेला, एसटी चिखलातून डुलत चाललेली, आणि डोक्यात बंधुर पंथा, बंधुर पंथा. घसा असा दाटला की शेवटच्या जय हे ला आवाजच फुटेना. शेजारच्याने विचारलं, काय रे, सर्दी?

स्पर्धेचा निकाल सांगायचा राहिला. परीक्षक बाईच होत्या. मला दुसरा नंबर दिला, आवाज चांगला आहे म्हणाल्या. बक्षिसाचा स्टीलचा पेला आईकडे अजून आहे, दूध मोजायला वापरते.