आमची वाटचाल : सुकाजानच्या दुकानाची

माझे बाबा इचलकरंजीत शिंपीकाम करायचे. कुठलाही कपडा हातात आला की ते आधी उलटा करून बघायचे. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी आणि उलट बाजू शिंप्यासाठी, असा त्यांचा हिशेब. ही सवय मीही उचलली आणि खरं सांगायचं तर आमचा सुकाजानचा, म्हणजे भरतकाम केलेल्या जपानी जॅकेटांचा, धंदा तिच्यातूनच उभा राहिला.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तोक्योला आलो. निशिकासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिथेच बिऱ्हाड केलं. एका रविवारी सहज तोक्योजवळच्या योकोसुका या बंदराच्या गावी गेलो. शिओइरी स्टेशनला उतरून थोडं चाललं की दोबुइता गल्ली लागते. इथे पूर्वी गटार वाहायचं, ते झाकून वर रस्ता केला. गटाराला जपानीत ‘दोबु’ आणि फळीला ‘इता’ म्हणतात, त्यावरून हे नाव. 1945 पासून अमेरिकन नौदलाचा तळ या गल्लीच्या अगदी दारात आहे. एका दुकानाच्या काचेआड निळ्या साटीनचं जॅकेट टांगलेलं होतं. बाह्यांवर दोन पट्ट्या, गळ्याला आणि मनगटांना लवचीक विणीची पट्टी, पाठीवर सोनेरी ड्रॅगन. मी जागची हलले की ड्रॅगनचे खवले एकेक करून चमकायचे, कारण प्रत्येक खवल्यात धाग्याची दिशा वेगळी होती. आत गेले आणि सवयीप्रमाणे जॅकेट उलटं केलं. बघते तर उलट बाजूच नाही! आत काळी सुती मखमल आणि तिच्यावर फुजी पर्वत, चेरीची फुलं. दोन्ही बाजू सुलट. रात्री फोनवर बाबांना सांगितलं, तर ते बराच वेळ अस्तराबद्दलच विचारत राहिले.

या जॅकेटाला सुकाजान म्हणतात. योकोसुकामधलं ‘सुका’, आणि जंपर म्हणजे जॅकेट, त्यातलं ‘जान’. हे नाव मात्र बरंच नंतर पडलं, सुरुवातीला ते नुसतं आठवण म्हणून न्यायचं जॅकेट होतं. युद्ध संपलं, जपान हरला आणि अमेरिकन सैनिक तळांवर येऊन राहिले. घरी नेण्यासाठी काहीतरी जपानी हवं म्हणून ते आपल्या कपड्यांवर गरुड, वाघ, ड्रॅगन भरून घ्यायला लागले. व्यापाऱ्यांनी ही मागणी हेरली आणि बेसबॉल जॅकेटच्या घाटावर तयार मालच शिवायला घेतला. ‘कोशो’ ही तोक्योची पेढी सैनिकी तळांवरच्या दुकानांना तो पुरवायची. आजची तोयो एंटरप्राइज ही तिचीच वारस, आणि ‘टेलर तोयो’ या नावाने ती अजून सुकाजान काढते.

पॅराशूटच्या रेशमातून ही जॅकेटं शिवली, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. माझ्या हाताखालून गेलेली जुनी जॅकेटं मात्र बहुतेक असिटेटची आहेत. त्या काळात रेशमावर सरकारी नियंत्रण होतं, म्हणून रेशमासारखी झळाळी असलेलं हे कापड वापरलं गेलं. असिटेट म्हणजे काय, हा धडा मी नुकसान सोसून शिकले. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका जॅकेटावर जुन्या लेबलाचा चिकट डाग होता. तो काढायला मी नखांचं पॉलिश पुसायचं द्रावण कापसाला लावून फिरवलं. त्यात ॲसिटोन असतं, आणि ॲसिटोनमध्ये असिटेट विरघळतं. डोळ्यांदेखत साटीन चिकट झालं आणि रुपयाएवढं भोक पडलं. साठ-सत्तर वर्षं टिकलेली वस्तू मी अर्ध्या मिनिटात घालवली. ते जॅकेट मी विकलं नाही. आजही कामाच्या टेबलासमोर टांगलेलं आहे.

2014 साली आमचा व्यवसाय रीतसर सुरू झाला. जपानमध्ये जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करायला परवाना लागतो आणि त्याचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. चोरीचा माल बाजारात फिरू नये म्हणून ही व्यवस्था. कागदपत्रं जमवता जमवता माझं जपानी सुधारलं, हा वरचा फायदा. योकोसुकातच एक छोटा गाळा भाड्याने घेतला. पहिल्या काही खरेद्यांत ‘पन्नासच्या दशकातलं, हातचं काम’ असं सांगून एका विक्रेत्याने कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने भरलेला नवा माल माझ्या गळ्यात मारला. आमच्याकडे तेव्हा शिल्लक फारशी नव्हती, त्यामुळे तो फटका मोठा होता. त्यानंतर मी ठरवलं की भरतकाम कसं होतं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचं जॅकेट घ्यायचं नाही.

म्हणून किर्यूला गेले. गुन्मा प्रांतातलं हे गाव आणि शेजारच्या तोचिगीतलं आशिकागा, दोन्ही पिढ्यान् पिढ्या कापडावर जगलेली. सुकाजानचं भरतकाम इथल्याच कारागिरांच्या हातचं. किर्यूत जुन्या कारखान्यांची छपरं करवतीच्या दातांसारखी आहेत. उत्तरेकडच्या काचांतून दिवसभर सारखा उजेड यावा म्हणून ती तशी बांधत. गल्लीतून जाताना मागाचा आवाज कानावर आला आणि मला क्षणभर घरीच गेल्यासारखं वाटलं.

तिथल्या एका ऐंशीच्या घरातल्या कारागिराने मला शेजारी बसवून काम दाखवलं. या भरतकामाला योकोफुरी म्हणतात, म्हणजे आडवं झुलणारं. मशीनची सुई खाली-वर होतेच, शिवाय डावी-उजवीकडेही झुलते. किती झुलायचं ते उजव्या गुडघ्याजवळच्या दांड्यावर ठरतं. दांडा दाबाल तसा टाका रुंद होतो, सोडाल तसा बारीक. पायाखाली वेग, गुडघ्यात रुंदी, आणि दोन्ही हातांनी कापड फिरवायचं. कापड दाबून धरणारा पाय या मशीनला नसतोच. सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या या गुरुजींनी, कापडावर काहीही न रेखता वाघाची मिशी काढली. मुळाशी जाड, टोकाला केसाएवढी, एका दमात. त्यांचा गुडघा तेवढ्यात इंच-दीड इंच हलला असेल.

त्या दिवसापासून मला ओळख पटायला लागली. कॉम्प्युटरच्या ड्रॅगनचे खवले सगळे एकाच मापाचे असतात. हातच्या ड्रॅगनच्या पोटाकडचे खवले दाटीवाटीने बसलेले, शेपटीकडचे सैल, आणि एका रंगाच्या कडा दुसऱ्यावर चढलेल्या. कॉम्प्युटरचं भरतकाम वाईट असं मी म्हणत नाही. परवडणाऱ्या किमतीत तरुण मुलांना सुकाजान मिळतं ते त्याच्यामुळेच. पण आमच्या दुकानात प्रत्येक जॅकेटाच्या चिठ्ठीवर काम हातचं की कॉम्प्युटरचं हे स्पष्ट लिहिलेलं असतं. या एका चिठ्ठीने आम्हाला जेवढी गिऱ्हाइकं दिली तेवढी कुठल्याच जाहिरातीने दिली नाहीत.

मधल्या काळात जपानमध्ये हे जॅकेट उनाड पोरांचं म्हणून बदनाम झालं होतं. 2016 च्या सुमारास युरोपातल्या बड्या फॅशन घराण्यांनी ते उचललं आणि आमचा फोन वाजायला लागला. ती लाट ओसरली. टिकून राहिले ते दुरुस्ती करून घेणारे, आणि त्यांच्यातले बरेच अमेरिकेतले. आजोबा गेल्यावर ट्रंकेत सापडलेलं जॅकेट ते पाठवतात. कुणाच्या पाठीवर कोरियन युद्धातली सालं, कुणाच्या पाठीवर व्हिएतनामचा नकाशा आणि खाली ते प्रसिद्ध वाक्य : मेल्यावर मी स्वर्गातच जाणार, नरकातली मुदत भरून झाली आहे. खिशात कधी तिकिटाचा तुकडा, कधी तंबाखूचा चुरा निघतो. चुरासुद्धा मी कागदाच्या पुडीत घालून परत पाठवते.

तीन वर्षांपूर्वी सेन्सेईंनी काम कमी केलं आणि त्यांच्याकडची दुसरी मशीन मला दिली. ती आता खिडकीशी आहे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर बसते. चेरीच्या पाकळ्या जमतात, पानं जमतात, लाटांचा फेसही आता बरा येतो. ड्रॅगन मात्र अजून किर्यूलाच जातात.