कुसात्सूचं पाणी आणि त्याच्या ओढीनं आलेली माणसं

टोकियोहून गुन्मा प्रांतात जाणारी गाडी नागानोहारा-कुसात्सुगुची स्टेशनला सोडते. पुढे बस घाट चढते. कुसात्सू हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव साधारण १२०० मीटर उंचीवर आहे, आणि बसमधून उतरल्याबरोबर गंधकाचा वास नाकात शिरतो. ताई वरोऱ्याहून आली होती. तिला आधीच सांगितलं, "चांदीची जोडवी काढून ठेव, काळी पडतील."

गावाच्या मधोमध युबाताके. दगडी कठड्याच्या आत लांबच लांब लाकडी पन्हळी, त्यांतून वाफाळतं पाणी वाहत निवत जातं. तळाशी बसलेला गंधकाचा साका खरवडून विकतात. गावातले सगळे झरे धरले तर मिनिटाला ३२,००० लिटरच्या वर पाणी आपोआप वर येतं. ते अंगावर घेण्याजोगं करायला गार पाणी मिसळलं तर गुण कमी होतो, म्हणून बायका गाणं म्हणत सहा फुटी फळ्यांनी ते घुसळतात. याला युमोमी म्हणतात. इतकं करूनही ताईनं पाय बुडवला नि ओरडली, "अगं, पोळतंय गं!"

हे पाणी लिंबाच्या रसाच्या जवळपास जाईल इतकं आम्ल आहे. खाली नदीत मासे जगत नसत, पुलांचं लोखंड आणि काँक्रीट झिजे. १९६४ पासून इथल्या कारखान्यात चुनखडीची भुकटी कालवून नदीत अखंड सोडतात. मला हे युबाताकेइतकंच थोर काम वाटतं.

मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बेल्झ या जर्मन डॉक्टरनं कुसात्सूचं नाव दूरवर नेलं. पण त्याच्याही आधीपासून इथं कुष्ठरोगी येत होते. आम्ल पाण्यात जंतू मरतात, कातडीच्या पुष्कळ तक्रारींना उतार पडतो, तेव्हा आपल्यालाही पडेल ही आशा. १८८७ मध्ये त्यांची युनोसावा ही वेगळी वस्ती झाली. तिथं त्यांची घरं होती, दुकानं होती, संसार होते. १९४१ मध्ये ती मोडली. गावाबाहेर १९३२ पासून कुर्यू राकुसेन-एन हे सरकारी कुष्ठधाम होतंच.

मला खरं तर तिथंच जायचं होतं. आम्ही बहिणी बाबा आमट्यांच्या आनंदवनाच्या शेजारी वाढलो. तिथल्या हातमागावरच्या सतरंज्यांवर आमच्या घरी पंगती बसल्या.

कुष्ठधामाच्या आवारात जुकानबो होता, रोग्यांसाठीचा तुरुंग. कागदोपत्री नाव 'विशेष रुग्णकक्ष'. १९३८ ते १९४७ या काळात देशभरातल्या कुष्ठधामांतून ९३ जणांना आणून इथं कोंडलं, २३ जण मेले. खटला नाही, दिवा नाही, आणि थंडी शून्याच्या कितीतरी खाली. आज संग्रहालयात ती खोली मूळ मापानं उभारली आहे. ताई आत शिरली आणि लगेच बाहेर आली. म्हणाली, "बाबांनी महारोगी सेवा समिती काढली ती एकोणपन्नासला ना गं?" हो. जुकानबो बंद झाल्यावर दोनच वर्षांनी. औषध तेव्हा आलेलं होतं, तरी जपाननं सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९९६ पर्यंत ठेवला. मला याचा अजून राग येतो.

कुसात्सूला जाल तेव्हा स्नान कराच, सैनोकावाराचं उघड्यावरचं मोठं कुंड तर चुकवू नका. पण अर्धा दिवस जुकानबो संग्रहालयासाठी राखून ठेवा. तिकीट नाही.