पैसे भरण्याआधी बॅकरूममध्ये किती जण बसणार ते विचारा

पुण्यातल्या एका एमयूएनच्या (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवरची विद्यार्थ्यांची लुटुपुटूची परिषद) माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं: 'अखंड क्रायसिस, दर वीस मिनिटांनी अपडेट.' शनिवारी सकाळच्या चहानंतर जो अपडेट थांबला तो थेट साडेचारला उगवला. साताऱ्या-कराडकडून पुण्याला एमयूएनसाठी जाणारे, त्यातही क्रायसिस कमिटी (जिथे एखादा प्रसंग तुमच्या हुकमांप्रमाणे पुढे सरकत जातो) घेणारे, यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल. जनरल असेंब्लीवाल्यांचं (नुसत्या चर्चेची मोठी कमिटी) सगळं छान होतं, त्यांचा हॉलसुद्धा एसी होता.

मॉडरेटेड कॉकस (ठरल्या विषयावरची, वेळ बांधून दिलेली चर्चा) कशाला म्हणतात, चिट म्हणजे चिठ्ठी इबीमार्फत (एक्झिक्युटिव्ह बोर्ड, कमिटी चालवणारे) कशी पाठवायची, हे तुम्हाला येतं असं धरून चालतेय. ब्लेझर, लॅपटॉप, पॉवर बँक हेही आहेच. नसेल तर आधी आपल्याच कॉलेजात एखादी साधी कमिटी करून या. क्रायसिसमध्ये कुणी हाताला धरून शिकवत नाही. 'बिगिनर फ्रेंडली' असं छापलं असलं तरी नाही.

विषय मात्र असा होता की नाही म्हणवेना. बारभाई (राघोबादादांच्या विरोधात एकत्र आलेले पेशव्यांचे कारभारी) विरुद्ध मुंबईकर इंग्रज, जॉइंट क्रायसिस. एका खोलीत पुरंदरचं कारभारी मंडळ, दुसरीत ईस्ट इंडिया कंपनीचं मुंबई कौन्सिल, मधल्या खोलीत बॅकरूम, म्हणजे चिठ्ठ्यांचा निकाल लावणारी आयोजकांची पोरं. नारायणरावांचा खून ऑगस्ट १७७३ चा, सवाई माधवराव जन्मले एप्रिल १७७४ मध्ये, आणि आमचं घड्याळ सुरू होणार मार्च १७७५ ला, म्हणजे राघोबादादांनी सुरतेला तह करून साष्टी-वसई इंग्रजांना कबूल केल्यावर. मला हरिपंत फडके मिळाले. नाना फडणीस मिळाले नाहीत म्हणून हिरमुसू नका. नानाच्या मागे सगळे लागतात आणि ज्याला तो मिळतो त्याला दिवसभर भाषणंच करावी लागतात. अलॉटमेंटच्या फॉर्ममध्ये तीन पसंत्या विचारतात, तिन्ही फौजवाल्या टाका: हरिपंत, महादजी, तुकोजी. ज्याच्या हाताखाली घोडा नाही त्याची चिठ्ठी कुणी उघडत नाही.

क्रायसिस कधीच न केलेल्यांना एवढंच सांगते की समोर हॉलमध्ये जे बोललं जातं ते निम्मं नाटक असतं. खरा कारभार चिठ्ठ्यांवर. तुम्ही तुमच्या अधिकारातला गुप्त हुकूम लिहून आत पाठवता. आतली पोरं ठरवतात की तो लागू पडला, फसला की तुमच्यावरच उलटला. त्यातून पुढचा अपडेट शिजतो. म्हणजे बॅकरूम मंदावली की कमिटी संपली, मग चेअर कितीही हुशार असो.

आमच्याकडे दोन्ही खोल्या मिळून चव्वेचाळीस डेलिगेट आणि बॅकरूममध्ये तिघं. त्यातला एक जण जेवणाच्या वेळी कुपनांच्या टेबलावर बसलेला मी स्वतः पाहिला. शनिवारी सकाळी साडेअकराला मी चिठ्ठी पाठवली: दहा हजार घोडा घेऊन महीच्या उतारांवर चौक्या बसवायच्या, राघोबादादांची फौज आणि इंग्रजांच्या कर्नल कीटिंगची पलटण एकत्र व्हायच्या आत वाट तोडायची. साडेचारच्या अपडेटमध्ये ते दोघे एकत्र झालेले होते आणि अडासची लढाईही उरकलेली होती. माझ्या चिठ्ठीचं उत्तर पावणेपाचला आलं: 'उशीर झाला, शत्रू पुढे गेला.' उशीर कुणाला झाला हे विचारायची सोय नाही, कारण बॅकरूमशी तोंडी बोलायला बंदी.

ते मधले तास आठवले की अजून डोकं फिरतं. चेअरकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून राउंड रॉबिन. प्रत्येकाने नव्वद सेकंद बोलायचं, विषय: गंगाबाईंची (सवाई माधवरावांच्या आईची) सुरक्षा. मग पुन्हा राउंड रॉबिन, विषय: गंगाबाईंची सुरक्षा, पुढील दिशा. पंखा एक, तोही चेअरच्या डोक्यावर. सखारामबापू झालेला मुलगा ब्लेझरची उशी करून झोपला आणि त्याला कुणी उठवलं नाही. तुम्ही अशात सापडलात तर एक करा: एकटीच्या चिठ्ठ्या पाठवणं थांबवा. तिघाचौघांची मिळून एकच जोडचिठ्ठी करा आणि वर मोठ्या अक्षरांत वेळ टाका. आतल्यांना चार कागदांऐवजी एक वाचावा लागतो, म्हणून तो आधी वाचतात. चारनंतर आम्ही तेच सुरू केलं आणि उत्तरं तासाच्या आत यायला लागली.

याहून चिडचिड झाली ती कलकत्त्याच्या पत्राची. १७७३ च्या कायद्याने मुंबईकरांवर कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलचा अंकुश आला होता. पण पत्र जायला-यायला महिने लागायचे आणि मुंबईकरांनी त्याचाच फायदा घेऊन सुरतेचा तह परस्पर करून टाकला. पुढे कलकत्त्याने तो मोडीत काढला, कर्नल अप्टनला पाठवलं, मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. सगळी गंमत त्या महिन्यांत आहे. आमच्या बॅकरूमने कलकत्त्याचं उत्तर दहा मिनिटांत दिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर आल्यासारखं. मग मुंबई कौन्सिलमध्ये बसून करायचं काय? पहिल्याच सेशनला हात वर करून विचारा की पुरंदर ते पुणे, पुणे ते मुंबई, मुंबई ते कलकत्ता, पत्राला खेळातले किती दिवस धरणार, आणि ते फळ्यावर लिहून घ्या. मी विचारलं तेव्हा डायरेक्टर, म्हणजे बॅकरूमचा प्रमुख, 'बघू' म्हणाला. 'बघू' हे उत्तर मानू नका.

आता पैसे. डेलिगेट फी १८००, निवास १२०० वेगळं, इथपर्यंत ठीक, आधी सांगितलं होतं. तिथे गेल्यावर नोंदणीच्या टेबलावर 'क्रायसिस किट'चे २५० मागितले. किट म्हणजे एक पॅड, एक पेन आणि आमच्याच पोर्टफोलिओचं (मिळालेल्या भूमिकेचं) नाव छापलेलं पुठ्ठ्याचं प्लॅकार्ड. मिडनाइट क्रायसिसच्या (शनिवारी रात्रीच्या जादा सेशनच्या) जेवणाचे पुन्हा ३०० आणि जेवण म्हणजे व्हेज पुलाव, तोही साडेदहालाच संपला. पॅड अप्पा बळवंत चौकातून घेऊन जा, दोन घ्या, एक संपेपर्यंत दुसरं आत अडकलेलं असतं. किट नको म्हटलं तर थोडं तोंड वाकडं करतात पण प्लॅकार्ड देतात. माझ्या मैत्रिणीने नाही म्हणून पाहिलं, तिला फुकट मिळालं. सोशल नाइटचं तिकीट घेऊ नका. डीजे आहे, बसायला जागा नाही, आणि ज्यांना चिठ्ठ्या लिहायच्यात ते कुणी तिथे जातच नाहीत.

मिडनाइट क्रायसिस मात्र चुकवू नका. शनिवारभर ज्यांना शिव्या घातल्या त्याच बॅकरूमने रात्री कमाल केली, बहुधा कुपनवाला परत आत आला म्हणून. रात्री अकराला दिवे बंद, प्रोजेक्टरवर एकदम डिसेंबर १७७८. पुरंदरचा तह मोडून मुंबईकर राघोबादादांना घेऊन पुण्यावर निघालेत, बोरघाट चढून खंडाळ्याला आलेत. फौज सुमारे ३,९०० आणि सोबत सामान ओढायला १९ हजार बैल.

बहुतेकांनी 'हल्ला करा' असंच लिहिलं. आमच्यातल्या एकाची चिठ्ठी 'इंग्रजांची रसद तोडावी' एवढीच होती, ती लाल पेनाने 'कशी?' लिहून परत आली. तुकोजी होळकर झालेला लातूरचा मुलगा त्या १९ हजारावर बोट ठेवून म्हणाला, "हरिपंत, हे बैल खाणार काय?" तिथून पुढे आम्ही दोघांनी फौजेकडे पाहिलंच नाही. आमची चिठ्ठी जवळजवळ शब्दशः अशी होती: खंडाळा ते तळेगाव पट्ट्यातला कडबा तीन दिवसांत उचलावा, न उचलेल तो जाळावा. गावं माणसांसह हलवावीत. पाटलांना पुढल्या सालचा सारा माफ, त्याचा हुकूम नानांच्या सहीने सोबत. विहिरींवर पहारा ठेवावा, विष टाकू नये, आपल्यालाही तिथेच परत राहायचंय. रोज रात्री दोनशे स्वारांनी बैलांच्या तळावर जाऊन फक्त आरडाओरडा करावा.

कोण, कुठे, किती दिवसांत, खर्च कुणाचा आणि बिघडलं तर काय, एवढं लिहिलेली चिठ्ठी सहसा नाकारत नाहीत. आणि घडलेला इतिहास जसाच्या तसा उतरवू नका, आतली पोरंही तेच वाचून आलेली असतात. मराठ्यांनी तेव्हा मुलूख जाळून ओस पाडलाच होता. सारामाफी आणि विहिरींचं कलम आमचं, आणि त्याचेच गुण मिळाले असं नंतर डायरेक्टर म्हणाला. पंचवीस मिनिटांत अपडेट आला: बैल बसले, इंग्रजांनी अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, फौज वडगावला कोंडली. जानेवारी १७७९ मध्ये हे खरोखर झालंय, वडगावचा करार त्यातूनच आला. तरी आमची खोली अशी ओरडली की खालचा वॉचमन वर आला. मुंबई कौन्सिलवाल्या मुलीने कॅप्टन स्टुअर्टला, म्हणजे मावळात ज्याला इष्टुर फाकडा म्हणतात त्याला, कार्ल्याला मरू न देण्यासाठी केवढा आटापिटा केला. तोही गेला.

वडगाव मावळला आधी एकदा जाऊन या. पुणे-लोणावळा लोकल तिथे थांबते. घाट मागे, मैदान पुढे, हे डोळ्यांनी पाहिलं की चिठ्ठीत काय लिहायचं ते आपोआप कळतं. त्यांची बॅकग्राउंड गाइड वाचण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, त्या गाइडमध्ये पुरंदरचे दोन वेगवेगळे तह एक केले होते.

सेशन संपलं एक चाळीसला. 'निवास ते स्थळ वाहतूक समाविष्ट' असं पावतीवर आहे. गाडी एक वाजताच निघून गेली होती, बाकीच्या कमिट्यांना घेऊन. क्रायसिसवाले अजून आत आहेत हे गाडीवाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तिघी मुली गेटवर. मुक्काम सहा किलोमीटरवर. रिक्षावाल्याने चारशे मागितले. पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ धरले, त्यावर मध्यरात्रीनंतरचा पंचवीस टक्के जादा आकार लावला, तरी १२७ च्या आसपास होतात. घासाघीस करून साडेतीनशेला गेलो. दिवसभर पुणेकर कारभाऱ्यांची भूमिका केली आणि रात्री एका पुणेकराने आम्हाला वडगाव दाखवलं.

तेव्हा मुलींनी फॉर्म भरण्याआधी ईमेलवर लेखी घ्या: रात्रीची गाडी किती वाजता, क्रायसिस लांबलं तर थांबणार का, ड्रायव्हरचा नंबर आणि सोबत आयोजकांपैकी कोण. फोनवर सगळे 'हो हो' म्हणतात. त्यांचं निवास घेऊच नका, स्थळाला चालत जाता येईल अशा पेइंग गेस्टमध्ये कुणाच्या तरी ओळखीने पडा. मेट्रो छान आहे, स्वारगेटला एसटीतून उतरल्यावर बाहेरच्या रिक्षांकडे न बघता सरळ खाली मेट्रोत शिरा, वनाज किंवा रामवाडीकडे जायचं तर जिल्हा न्यायालय स्टेशनला बदला. पण मिडनाइट क्रायसिस सुटेल तेव्हा मेट्रो केव्हाच बंद झालेली असते.

शुक्रवारचं उद्घाटन, रविवारचं सेशन, दोन्ही बरे झाले. रविवारी नाश्त्याला मिसळ होती.

क्रायसिस करावं का? करावं. या ठिकाणी पुन्हा? पंधरा डेलिगेटमागे बॅकरूममध्ये निदान दोन माणसं देणार असतील तरच, आणि त्यातला कुणीही कुपनं फाडणार नसेल तर.

परतीचं आरक्षण रविवारी आठनंतरचं करा. समारोप पाचला म्हणतात, बक्षिसं वाटेपर्यंत सात वाजतात, आणि रविवारी संध्याकाळी स्वारगेटला साताऱ्याच्या गाडीत आयत्या वेळी उभं राहायलाही जागा नसते. आपलं नाव यादीत आहे की नाही हे आधी कुणी सांगत नाही, पण जेवणाच्या रांगेत इबीमधलं कुणी तुमची नजर चुकवायला लागलं तर दुपारचीच गाडी पकडा.