शिऱ्यातलं तूप

"सिस्टर, ह्यांच्या बाटलीत दूध कुठून आलं हो?"

मी ट्रॉली तिथेच सोडून वाकून पाहिलं. छातीच्या ड्रेनमधून काल संध्याकाळपर्यंत फिकट लाल पाणी येत होतं, आता दाट पांढरं. रात्रीत नऊशे मिली. आधी वाटलं पू झाला. पण ताप नव्हता, वासही नव्हता.

काकांच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग कॅन्सरसाठी काढून तीन दिवस झाले होते, मधल्या लसिकागाठीही काढल्या होत्या. रजिस्ट्रार डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि विचारलं, "काल काय खाल्लं?"

काकूंनी घरून शिरा आणला होता. तूप सोडून. इथल्या पेजेनं कसली ताकद येणार!

ड्रेनच्या पाण्यात ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, ११० च्या वर गेलं की आम्ही ते काइल, म्हणजे आतड्यातून येणारा चरबीचा पांढरा रस, धरतो. काकांचं ६४० आलं. आतड्यातली चरबी वाहून नेणारी नळी, थोरॅसिक डक्ट, मणक्याला लागून वर मानेपर्यंत जाते. गाठी काढताना तिला किंवा तिच्या फांदीला कधी इजा होते. पोट रिकामं असेल तर गळणारं पाणी पांढरं दिसत नाही, म्हणून लगेच लक्षात येत नाही.

"म्हणजे माझ्या तुपानंच." गळती आधीचीच होती, तुपानं फक्त रंग दाखवला, असं मी दोनदा सांगितलं. काकूंना पटलं नाही.

तोंडानं सगळं बंद, शिरेतून पोषण, गळती कमी व्हावी म्हणून ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं. पांढरेपणा गेला, पण माप रोज हजाराच्या वरच. त्यातून प्रोटीन जातं, लिम्फोसाइट या संसर्गाशी लढणाऱ्या पेशी जातात; काका डोळ्यांदेखत वाळत चालले. आठव्या दिवशी सरांनी पुन्हा ऑपरेशन ठरवलं. ऑर्डर होती: पहाटे राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात गेलेल्या नळीतून, क्रीम, १०० मिली. (भूलतज्ज्ञांनी नंतर नळीतून पोट रिकामं करून घेतलं, ते वेगळं.)

काकू जाग्याच होत्या. "आठ दिवस थेंब दिला नाहीत, आणि आता साय?"

"कुठून गळतंय ते सरांना दिसावं म्हणून."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तूप चाललं नसतं का? घरचं आहे."

दुपारी थिएटरच्या सिस्टरनं सांगितलं, श्वासनलिका दुभंगते तिथे खाली पांढरा थेंब साचत होता. तिथे टाका घातला, शिवाय डायफ्रामच्या, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याच्या, वर डक्टच बांधली. दुसऱ्या दिवशी ड्रेन दीडशे, लालसर.

जेवण सुरू झालं त्या दिवशी काकूंनी डबा उघडून आधी मला दाखवला. मऊ भात, बिनफोडणीचं वरण. वर काही नाही.