ब्रिस्टल पेलिनची बातमी आणि मायलेकी

२०१५ च्या जूनचा शेवटचा आठवडा. डेन्व्हरच्या आमच्या फॅमिली प्लॅनिंग क्लिनिकमध्ये सगळ्यांचीच डोकी तापलेली. २००९ पासून एका खाजगी देणगीच्या पैशातून कोलोरॅडोत गरीब बायकांना आणि मुलींना इम्प्लांट (दंडात बसवायची गर्भनिरोधक कांडी), आययूडी (गर्भाशयात बसवायचं साधन, कॉपर टीसारखं) फुकट मिळायचं, २०१३ पर्यंत टीनएजर मुलींची बाळंतपणं साधारण ४० टक्क्यांनी उतरली, आणि आता तो पैसा जूनअखेर संपत होता. राज्याने ५० लाख डॉलर द्यावेत असं बिल आलं होतं, ते राज्याच्या सिनेटच्या कमिटीनेच पाडलं. आययूडी म्हणजे गर्भपातच असं समजणारे लोक कायदे करायला बसतात, माझा राग अजून गेलेला नाही.

त्यात ही बातमी आली. अलास्काची तेव्हाची गव्हर्नर सेरा पेलिन २००८ मध्ये अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षपदाला उभी होती तेव्हा तिची १७ वर्षांची मुलगी ब्रिस्टल गरोदर आहे हे जगभर झालं. बाळ झाल्यावर २००९ मध्ये कँडीज फाउंडेशन या संस्थेने तिला टीन प्रेग्नन्सी रोखण्याच्या मोहिमेची अँबॅसिडर केलं, त्या वर्षाचे २,६२,५०० डॉलर दिले. आता २४ व्या वर्षी, लग्न न होता तिला पुन्हा दिवस गेले होते, तिने स्वतःच जाहीर केलं आणि मला लेक्चर नकोत, सहानुभूतीही नको असं लिहिलं. आमच्या फ्रंट डेस्कवर त्यावरून खिदळणं चाललेलं. तिथे बसणाऱ्यांनी तरी हे करू नये, समोर वेटिंग रूममध्ये कोण बसलंय ते बघा ना जरा.

दुपारी एक १६ वर्षांची मुलगी आली, आईबरोबर. हेच नवल, कारण आमच्याकडे बहुतेक पोरी लपून येतात, म्हणून फॉर्मवर मी आधी बघते तो फोनचा रकाना, व्हॉइसमेल ठेवायचा का, क्लिनिकचं नाव सांगायचं का. घरच्या इन्शुरन्सवर बिल टाकलं तर आईबापांच्या नावाने घरी कागद जातो, त्यात एखादी मुलगी कशी सापडते ते मी पाहिलंय. (इथल्या आपल्या मराठी आयांना हे सांगितलं की म्हणतात, आमच्या मुली तसल्या नाहीत गं. बरं.)

मुलीने विचारलं, "त्या ब्रिस्टलला तर सगळं माहीत होतं, लोकांना सांगायची पण, तरी झालंच. मग माझं काय?" मी म्हटलं, माहिती असणं आणि निश्चय करणं वेगळं, आणि हे इम्प्लांट वेगळं. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते, नेहमीच्या वापरात वर्षाला शंभरातल्या नऊ जणींना तरीही दिवस जातात. इम्प्लांटला तुझी आठवण लागत नाही, तीन वर्षं. पाळी मात्र वेडीवाकडी होईल, थोडं थोडं स्पॉटिंग, म्हणजे मधूनमधून रक्ताचे डाग, चालू राहील, घाबरून काढायला धावू नकोस, आधी फोन कर. हे मी दोनदा सांगते, कारण मुदतीआधी काढून घेणाऱ्यांचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच असतं.

डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला भूल दिली, अ‍ॅप्लिकेटर कातडीच्या अगदी खालून सपाट नेला, काडेपेटीतल्या काडीएवढी ती कांडी. खोल गेली की काढताना पुढच्या माणसाचे हाल, म्हणून मी दोन्ही टोकं बोटाने चाचपून बघते आणि मग मुलीलाही चाचपायला लावते. तिने चाचपलं आणि हसली.

आई तोवर गप्पच होती. मग म्हणाली, "मला हिच्या वेळी सतरावं होतं. शाळेने मला हिला कडेवर घेऊन वर्गासमोर उभं केलं, बाकीच्या मुलींना धडा मिळावा म्हणून. कुणी काही ऐकलं नाही, सगळ्या बाळाकडेच बघत बसल्या." मला एकदम टीव्हीवरची बाळ घेतलेली ब्रिस्टल आठवली. तिच्या एका वर्षाच्या मानधनात किती दंडांची सोय झाली असती!

आणि मग आई म्हणाली, "मलाही बसवता येईल का हे?" ३३ वर्षांची बाई, तीन मुलांची आई. एवढ्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे. बाळंतपणापुरतं मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असायचं, ते ६० दिवसांनी बंद व्हायचं, आणि त्या ६० दिवसांत कुणालाही ही बाई पुढे काय करणार हे विचारावंसं वाटलं नाही. तिन्ही वेळा!

अपॉइंटमेंट नव्हती, फ्रंट डेस्कने कुरकुर केली. फुकटातला स्टॉक संपायच्या आत त्याच संध्याकाळी मी तिचं करून टाकलं.